कौसाबाईचा लूप

“तुमी आमच्या सुनंला लूप बसवला का न्हाई, येवढंच सांगा.”

पार्वताबाई टेबलासमोर उभ्या होत्या. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत. त्यांच्या मागे मोठा मुलगा रामकिसन, त्याच्या मागे धाकटा लक्ष्मण, आणि दाराला टेकून, पोटावर हात धरून, सून कौसाबाई. कौसाबाईचं ऑपरेशन मीच केलं होतं. टाके काढून, जखम कोरडी झाली हे बघून तिला घरी पाठवून अजून महिना झाला नव्हता.

“बसवला,” मी म्हटलं.

“आयकलं?” त्या मुलाकडे वळल्या. “लेकरू व्हावं म्हणून आणलेल्या बाईला यांनी लेकरू न व्हायचं सामान बसवलं.”

बाजाराचा दिवस होता. बाहेरच्या बाकावर बायकांची गर्दी होती आणि सगळ्यांचे कान आत लागले होते. मी सिस्टरला दार लावायला सांगितलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं हॉस्पिटल लहान होतं. खाली तपासणी आणि ऑपरेशन थिएटर, वर पेशंटच्या खाटा. लूप म्हणजे काय ते आजच्या वाचकांना सांगायला हवं. तांबी यायच्या आधीपासून कुटुंब नियोजनासाठी वापरात असलेली ती प्लास्टिकची वस्तू. नागमोडी आकाराची, टोकाला बारीक दोरा. गर्भाशयात बसवायची, नको तेव्हा दोरा ओढून काढायची. गावोगावच्या बायकांना ती माहीत होती आणि बहुतेकींना तिची भीती वाटायची.

कौसाबाई भोकरदनच्या वाटेवरल्या केदारखेड्याची. घर पूर्वी मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं. सासऱ्यांनी जमीन घेतल्यावर एका जागी स्थिरावलेलं. मेंढरं गेली, शेळ्या राहिल्या. त्या शेळ्या कौसाबाईच्या ताब्यात असायच्या. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या नखांना रंग नव्हता. पाळी आली की थांबायचं नाव नाही. शेतात जाताना जुन्या लुगड्याच्या घड्या बरोबर न्यायच्या आणि तरी दुपारीच घरी परतायचं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. एकदाही दिवस गेले नव्हते.

पोट तपासलं तर बेंबीच्या खाली कडक गोळा लागला. सोनोग्राफी तेव्हा औरंगाबादला व्हायची. ती करून आणली. फायब्रॉइड. गर्भाशय हा मांसाचाच अवयव आहे आणि त्या मांसाची कधी कधी गाठ होते. ती कॅन्सरची नसते. कित्येकींना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. पण गाठ आतल्या अस्तराकडे सरकली की रक्त जास्त जातं आणि गर्भ रुजायला अडचण होते.

माझ्याआधी दोन डॉक्टरांनी तिला पिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. सल्ला चुकीचा नव्हता. तिच्या अंगात रक्त फार कमी होतं. नुसती गाठ काढणं हे पूर्ण पिशवी काढण्यापेक्षा जास्त रक्त सांडणारं काम आहे. मीही तिला तेच सांगितलं.

ती म्हणाली, “बाई, पिशवीच काढली तर मंग म्या वाट कशाची बघू?”

मग नुसती गाठच काढायची असं ठरलं. मी इंजेक्शनं सुरू केली, लोहाच्या गोळ्या दिल्या. रामकिसनची तपासणी करून घेतली, त्याच्यात काही दोष नव्हता. कौसाबाईच्या नखांना थोडा रंग आल्यावर ऑपरेशनचा दिवस ठरवला. रामकिसनने स्वतःचं रक्त दिलं. सुई टोचताना त्याने तोंड फिरवलं होतं, आणि ते कौसाबाईने पाहिलं हे त्याला कळल्यावर लाजला होता.

पोट उघडलं तेव्हा मोठी गाठ गर्भाशयाच्या भिंतीत होती, चांगल्या मोसंबीएवढी. ती सुटली. तिच्यापेक्षा लहान पण जास्त वाईट गाठ पुढच्या भिंतीतून थेट पोकळीत लोंबत होती. मागच्या भिंतीला आणखी एक. त्या काढायच्या तर पोकळी उघडावी लागणार होती. उघडली. गाठी निघाल्या, पण पुढे आणि मागे, बरोबर समोरासमोर, अस्तर सोललं गेलं.

आता इथे खरी अडचण सुरू होते. गर्भाशयाची पोकळी म्हटली की लोकांना मोठी जागा वाटते. प्रत्यक्षात पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकूनच असतात, रिकाम्या थैलीसारख्या. मध्ये अस्तर आहे तोवर त्या नुसत्या टेकतात. अस्तर दोन्हीकडे सोललं की जखमेला जखम भिडते, आणि शरीर दोन्ही मिळून एकच जखम समजून भरून काढतं. मग भिंती चिकटतात. कधी थोड्या, कधी पूर्ण. पूर्ण चिकटल्या तर पाळी येत नाही आणि गर्भाला जागा उरत नाही. म्हणजे गाठ काढली, बाई वाचली, पिशवीही शाबूत राहिली, पण आतून बंद.

ते टाळायला त्या काळात आमच्या हातात थोड्याच गोष्टी होत्या. हात हलका ठेवायचा. आत खरवडायचं नाही. टाके भिंतीत घ्यायचे, पोकळीत येऊ द्यायचे नाहीत. जंतू होऊ द्यायचे नाहीत. अस्तर लवकर वाढावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या. आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये काहीतरी ठेवायचं. कुणी लघवीच्या नळीचा लहान फुगा ठेवायचे. माझे शिक्षक लूप ठेवायचे. सगळ्यांचं यावर एकमत नव्हतं, आजही नाही. मी शिक्षकांचं ऐकलं. उघड्या पोकळीत वरून लूप ठेवला, दोरा खाली सोडला आणि भिंत शिवली.

हे मी नवरा-बायकोला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं. पोकळी उघडावी लागली तर लूप ठेवीन, तीन महिन्यांनी काढीन. शिवाय भिंतीची जखम पक्की होईपर्यंत दिवस राहणं परवडणारं नाही, त्यालाही लूप कामाला येईल. रामकिसनने मान हलवली होती. कौसाबाई म्हणाली होती, “म्हंजी दार बंद होऊ न्हाई म्हणून मधात पाट लावायचा.”

“तसंच.”

“मंग लावा.”

रामकिसनने ही गोष्ट घरी सांगितली नाही. आईची भीती. पुढे अंगावरून थोडं पांढरं जायला लागलं म्हणून कौसाबाईने गावात आलेल्या नर्सबाईला दाखवलं. नर्सबाईंना दोरा दिसला. त्यांनी साधेपणाने विचारलं, “काय गं, लेकरू न्हाई आणि लूप कसा काय बसवला?” ते पार्वताबाईंनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर माझ्यासमोर उभं राहिलं.

मी रामकिसनला विचारलं, “तुम्हाला मी सांगितलं होतं की नाही?”

तो जमिनीकडे बघत राहिला.

“त्याला काय इचारता?” पार्वताबाई म्हणाल्या. “मला सांगा. अन् जल्दी सांगा, भोकरदनची गाडी हाये मला.”

मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हटलं, “मावशी, चुलीत पडून हात भाजलेलं लेकरू बघितलंय का तुम्ही?”

“बघितलं. कामून?”

“बोटं नीट वेगळी बांधली नाहीत तर काय होतं?”

लक्ष्मण मागून म्हणाला, “जुडत्यात. आमच्या इकडच्या एका पोराचे तीन बोटं जुडेल हायेत.”

“म्हणून आम्ही प्रत्येक बोटामध्ये कपडा घालतो. जखम भरली की कपडा काढतो. कौसाबाईच्या पिशवीत दोन जखमा आहेत, समोरासमोर. लूप हा मधला कपडा आहे. आत्ता काढला तर पिशवी जोडली जाईल. मग कुठलाही डॉक्टर काही करू शकणार नाही.”

पार्वताबाईंनी हे नीट ऐकलं. त्यांना कळलं असावं असं मला वाटलं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. त्या खुर्चीवर बसल्या, पहिल्यांदाच, आणि लक्ष्मणकडे हात करून म्हणाल्या, “याचं लगीन झालेलं नव्हतं. मिशी फुटली न्हवती बराबर. नसबंदीची जीप आल्ती गावात. बाकीचे पळाले, हा शेळ्यांसंगं व्हता, शेळ्या टाकून कसा पळंल? धरून नेला. तव्हाबी असंच समजून सांगितलं व्हतं, काई व्हत न्हाई म्हणून. पुढं लगीन केलं याचं. पोरगी वर्षभर ऱ्हायली अन् निघून गेली. आता एकच पोरगा ऱ्हायला मला. अन् त्याच्या बायकोच्या पोटात तुमी तेच सरकारी सामान घालून ठेवलं.”

लक्ष्मण दाराकडे बघत होता. पंचविशीचा, रुंद खांद्यांचा तरुण.

“तुमची भीती खोटी नाही,” मी म्हटलं. “पण हे ते नाही. हे काढायचंच आहे.”

“मंग आताच काढा. म्या सासू हाये, म्या सांगून राह्यले.”

“माझी पेशंट कौसाबाई आहे. ती सांगेल ते मी करीन.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कौसाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. ती घाबरली होती. पण बोलली.

“आत्याबाई, इतके वर्ष तुमी म्हनलं ते केलं. उपास धरले, अंगारे खाल्ले, पाल्याचा रस पिला. एकदाबी इचारलं न्हाई का कशापायी. ह्ये मला समजलंया. तीन महिने राहू द्या.”

“अन् न्हाई झालं लेकरू तर?”

“तर न्हाई झालं. पन म्या आपल्या हातानं दार लावलं असं नगं.”

पार्वताबाई उठल्या. “मंग तीन महिने माहेराला ऱ्हा. माझ्या घरात ते सामान नगं.”

रामकिसनने “माय” एवढाच शब्द उच्चारला. तिघं भोकरदनच्या गाडीला गेले. कौसाबाई माझ्या बाकावर बसून राहिली. मी माहेरी निरोप धाडला, संध्याकाळी तिचा भाऊ अंबडकडून आला आणि तिला घेऊन गेला.

त्यानंतर ती गोळ्यांसाठी माझ्याकडे यायची. अंबडच्या एसटीने एकटीच. गोळ्यांचं गणित असं असतं. महिन्यातले बरेच दिवस एक गोळी, तिने अस्तर वाढतं. शेवटी काही दिवस दुसरी गोळी जोडायची, आणि दोन्ही बंद केल्या की चार-आठ दिवसांत पाळी यायला हवी. आली तर समजायचं की आतली जागा शाबूत आहे. नाही आली तर चिंता.

पहिल्या महिन्यात आली नाही.

ज्या बाईने अर्धं आयुष्य पाळीच्या नावाने कपाळाला हात लावला, ती आता पाळीची वाट बघत बसली. माझ्याकडे आली की आधी हेच सांगायची, “बाई, अजून काईच न्हाई.” मी तपासायचे, दोरा जागेवर आहे हे बघायचे. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात असं होऊ शकतं, असं सांगायचे. ते खरं होतं. पण तिला धीर देताना मीही थिएटरमधला तो दिवस पुन्हा आठवत असे. मागच्या भिंतीचं अस्तर आणखी थोडं वाचवता आलं असतं का? नसतं. तरी आठवत असे.

तपासणी झाली की ती लगेच जात नसे. गावाकडची कुणी बाई बाकावर भेटते का ते बघे. भेटली तर विचारे, शेळ्या चरायला कोण काढतं, तरण्या पाट शेळीला पिल्लं झाली का, लसणाला पाणी दिलं का. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. सासूचंही नाही. शेळ्यांवरूनच सगळ्या घराची चौकशी करून घेई.

एकदा मी दुपारी घरी जेवायला निघाले होते. बसस्टँडवर कौसाबाई दिसली. अंबडची गाडी फलाटाला लागली होती, लोक चढत होते. ही भोकरदनच्या गाडीसमोर उभी. ती गाडी भरली, कंडक्टरने घंटी मारली, गाडी राजूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ही तिच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि धावत अंबडच्या गाडीत चढली. पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी तिला हे पाहिल्याचं बोलले नाही.

दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या संपल्यावर एक दिवस रामकिसन हॉस्पिटलात आला. एकटाच. हातात टोपी.

“बाई, कौसा कव्हा येनार हाये?”

“बायको तुमची. मला काय विचारता?”

“म्या दर बाजाराला येतो जालन्याला. अंबडच्या फलाटावर थांबतो. एकदाबी गाठ पडली न्हाई.”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती भोकरदनच्या गाडीपाशी उभी राहते आणि हा अंबडच्या. मी त्याला तिचा पुढचा दिवस सांगितला. “इथेच या, आणि आत येऊन बसा. बाहेर नाही,” असंही बजावलं.

तो आला. कौसाबाई आली तेव्हा तो माझ्यासमोरच्या खुर्चीत होता. तिने त्याला पाहिलं आणि माझ्याशीच बोलली. पण आवाज असा होता की बाहेर ऐकू जावा.

“बाई, आली. परवा आली. बराबर जशी यायला पायजे तशी.”

रामकिसनला काय आलं ते कळेना. त्याला वाटलं कुणी पाहुणी आली. मी समजावून सांगितलं तेव्हा तो टोपी डोळ्यांना लावून रडला. पुरुषाला बायकोच्या पाळीसाठी रडताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. कौसाबाई म्हणाली, “आता रडता. तव्हा तोंड उघडलं न्हाई.”

“आता उघडतो,” तो म्हणाला. “तू चल घरी. म्या मायला सांगतो.”

“तीन महिने व्हऊ द्या. मंग येते.”

तिसरा महिना झाला. तीही पाळी व्यवस्थित आली. मी दोरा धरून लूप काढला. दोन मिनिटांचं काम. तिने तो मागून घेतला, धुतला, कागदात गुंडाळला. घरी सासूला दाखवायचा होता. मग खालून रंगाचं औषध सोडून एक्स-रे काढला. या तपासणीत औषध गर्भाशयात भरतं आणि फिल्मवर पोकळीचा आकार पांढरा उमटतो. कुठे चिकटलेलं असेल तर तिथे औषध पोचत नाही, काळा डाग राहतो. मी फिल्म उजेडावर धरली. स्वच्छ त्रिकोण. डावीकडे कडेला एक बारीकशी खोच होती, तेवढीच. दोन्ही नळ्या केसासारख्या बारीक, पण उघड्या.

कौसाबाईने फिल्म हातात घेतली. “ह्ये माझं हाये?”

“तुझंच.”

तिने ती पुन्हा उजेडावर धरली. “किती रिकामं हाये बाई.”

“रिकामं नाही म्हणायचं,” मी म्हटलं. “मोकळं म्हणायचं.”

रामकिसन तिला घेऊन गेला. पुढचं मला नंतर कळलं. पार्वताबाईंनी लूप बघितला, चुलीत टाकला, आणि सुनेला म्हणाल्या, “शेळ्यांनी दूध कमी केलंय, बघ जरा.” बस्स. त्यांच्या घरात समेट असाच होत असावा.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दिवस राहिले नाहीत. सहा महिने, वर्ष, दुसरं वर्ष. पाळी वेळेवर यायची, आणि आता तीच नकोशी वाटायला लागली. कौसाबाई यायची, काही विचारायची नाही, समोर बसायची. मी गोळ्या दिल्या, दिवस सांगितले. तिच्या कडेवर कधीतरी मूल दिसेल अशी मी नकळत वाट बघायचे. दार उघडं ठेवणं माझ्या हातात होतं. आत कुणी यावं, हे नव्हतं. पण डॉक्टरलाही कधी कधी एखाद्या पेशंटचंच वेड लागतं. दुसऱ्या बायकांच्या बाळंतपणाला उभी असताना मला हिची आठवण यायची.

त्याच काळात एकदा पार्वताबाई आल्या. सोबत लक्ष्मण. त्याला बाहेर बसवून त्यांनी स्वतः दार लावलं.

“माझं अंग भाईर येतं,” त्या खाली बघून म्हणाल्या. “लई वर्षं झाले.”

बाळंतपणांनंतर स्नायू ढिले पडून गर्भाशय खाली उतरतं, त्याला बायका असं म्हणतात. त्या ते इतकी वर्षं कमरेला कपडा आवळून सहन करत होत्या. ऑपरेशनला तयार नव्हत्या, वयही झालेलं. मी म्हटलं, “एक रिंग बसवता येते. रबराची. ती पिशवी वर धरून ठेवते. मधून मधून बदलायला यावं लागेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “म्हंजी मलाबी बसवता म्हणा की सामान.”

“तुमची इच्छा असेल तर.”

“बसवा,” त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. रिंग बसवल्यावर उठून चार पावलं चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. “आगं बया,” एवढंच म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, “बाई, खरं सांगा. त्या लुपानं काई वाट लागली न्हाई ना तिची? दोन वर्षं झाले.”

“नाही लागली. मी फिल्म बघितली आहे.”

“मंग कामून येत न्हाई लेकरू?”

“ते मला कळत नाही, मावशी.”

त्यांनी मान डोलावली. डॉक्टरला कळत नाही हे त्यांना माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा जास्त पटलेलं दिसलं.

त्या बाहेर गेल्यावर लक्ष्मण क्षणभर आत आला. “बाई, तोडलेली नस पुन्हा जोडता येती का?”

मी त्याला औरंगाबादच्या एका सर्जनचं नाव लिहून दिलं. म्हटलं, जितक्या लवकर जाल तितकं बरं. तो गेला होता. जोडलीही. उपयोग झाला नाही. फार वर्षं झाली होती. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्यात माझा काही हात नव्हता, आणि त्याचाही नव्हता.

चौथ्या वर्षी पाळी चुकली म्हणून कौसाबाई आली. येताना घरी काही सांगून आली नव्हती. मी तपासलं, लघवीची तपासणी केली. दिवस राहिले होते.

आता मला वेगळी काळजी लागली. गर्भाशय एकदा पोकळीपर्यंत कापून शिवलेलं. कळांच्या जोराने ती शिवण उसवू शकते. आणि अस्तर एकदा सोललेलं असलं की वार, म्हणजे बाळाला पोसणारा भाग, भिंतीत खोल रुतून बसण्याची भीती. मग ती सुटत नाही आणि रक्त थांबत नाही. मी घरच्या सगळ्यांना बोलावलं. या वेळी एकालाही बाहेर ठेवलं नाही. सांगितलं, कळा सुरू व्हायच्या आधी सिझेरियन करायचं. शेवटचा महिना कौसाबाई जालन्यातच राहील. रक्ताची सोय आधी करायची.

“खर्चा लागंल तो लागू द्या,” लक्ष्मण म्हणाला.

पार्वताबाईंनी एकच विचारलं, “आत काई बसवनार हायेत का?”

“नाही. या वेळी फक्त काढणार.”

सिझेरियन सकाळी केलं. मुलगी. रंग चांगला, आवाज त्याहून चांगला. सिस्टरने बाळ घेतलं. मी वारेकडे हात नेला. वार अलगद सुटली, अगदी पिकल्या फळाच्या सालीसारखी. मग मी एक काम केलं, जे एरवी मी इतक्या सावकाश करत नाही. आतल्या भिंतीवरून बोटं फिरवली. आधी पुढची, मग मागची. गाठी कुठे होत्या ते मला माहीत होतं. शोधलं तर तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, ओली, गरम भिंत. भूलतज्ज्ञ म्हणाले, “मॅडम, काही प्रॉब्लेम?” मी म्हटलं, “नाही. बघत होते.”

आमच्या कामात हे भाग्य क्वचित मिळतं. आपण जे होऊ दिलं नाही ते दिसत नसतं. गाठ काढली तर ती बरणीत घालून नातेवाइकांना दाखवता येते. न चिकटलेली भिंत कुणाला दाखवणार?

मी बाहेर आले. पार्वताबाईंच्या मांडीवर मुलगी होती. मला वाटलं होतं, नातू हवा होता म्हणतील. त्या म्हणाल्या, “बाई, आपल्या कौसावानीच कपाळ हाये हिचं.” रामकिसन जिन्यात बसून पुन्हा टोपीत तोंड खुपसून होता. कौसाबाईची भूल उतरली तेव्हा तिने आधी विचारलं, बाळ कसं आहे. आणि मग, “बाई, पिशवी हाये ना?”

“आहे.”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. तिला आणखी एक हवं होतं. ते झालं नाही. पाच-सहा वर्षं ती त्याचीही वाट बघत राहिली, आणि मग कधीतरी तिने येणं बंद केलं.

पुढे सगळं बदललं. लूप मिळेनासा झाला. दोन हजारच्या पुढे-मागे दुर्बीण आली. आता पोकळीत कॅमेरा घालून भिंती डोळ्यांनी बघता येतात, कुठे चिकटायला लागलं असेल तर तिथल्या तिथे सोडवता येतं. भिंतींच्या मध्ये सोडायला आता जेलही मिळतात, ते आपोआप विरघळतात आणि काढायला यावंच लागत नाही. नवीन डॉक्टर मुलांना लूपचं सांगितलं की ती हसतात. हसू देत. साधनं बदलली, पण समोरासमोरच्या दोन जखमा अजून तशाच वागतात.

मी मात्र एक सवय लावून घेतली. संमतीच्या कागदावर सही एकाची किंवा दोघांची लागते. मी ती घेते. पण त्याआधी घरातलं जे सगळ्यात जास्त भांडेल असं माणूस असतं, ते शोधते. बहुधा ते बाहेरच्या बाकावर बसलेलं असतं. त्याला आत बोलावते, खुर्ची देते, आणि आत काय ठेवणार, कशासाठी आणि कधी काढणार ते सांगते. वेळ जातो, बाहेरच्या पेशंट कुरकुरतात. पण भांडण ऑपरेशनच्या आधी झालेलं बरं. नंतर टाके दुखतात.